पंचवीसची रेघ

आमच्या फ्रिजच्या दारात, लोण्याच्या कप्प्यात, सासूबाईंचं इन्सुलिन असतं. चौदा वर्षं त्या कप्प्यात लोणी शिरलेलं नाही. या मार्चमध्ये मधल्या फळीवर, दह्याच्या भांड्याशेजारी एक स्टीलचा छोटा डबा आला. तो माझा. आत मूल होण्याच्या उपचारातल्या ल्युप्रोलाइड या इंजेक्शनाची बाटली, औषधाच्याच खोक्यात ठेवलेली, कारण तिला उजेड चालत नाही.

माझं वय चौतीस. लग्नाला आठ वर्षं झाली. डाव्या ओव्हरीत चॉकलेट सिस्ट, म्हणजे जुन्या रक्ताची गाठ होती, ती एकदा दुर्बिणीतून काढून झाली. तीन वेळा आययूआय, म्हणजे शुक्राणू थेट गर्भाशयात सोडणं, केलं, तिन्ही वाया गेली. मग इथल्या, नाशिकच्या, गंगापूर रोडच्या डॉक्टरांनी आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, सांगितलं आणि त्यातही लाँग प्रोटोकॉल. हल्ली बऱ्याच जणींना छोट्या प्रोटोकॉलवर घेतात, त्यात रोज टोचायचे दिवस कमी असतात. पण माझ्यासारख्या एंडोमेट्रिओसिसच्या (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेरही वाढतं त्या) केसमध्ये आधी शरीराचा स्वतःचा कारभार बंद करून मग काम सुरू केलेलं त्यांना बरं वाटत होतं. अशा उपचारांसाठीच्या २०२१ च्या कायद्याप्रमाणे संमतीपत्रांचा गठ्ठा आला, दोघांनी पानोपानी सह्या केल्या. सही करताना प्रत्येक कागद वाचणारी मी एकटीच असेन, कारण माझा धंदाच तो आहे. कॅनडा कॉर्नरजवळ एका सीएच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांचे जीएसटीचे आकडे जुळवते. हे मुद्दाम सांगतेय, पुढे लागणार आहे.

औषध काय करतं ते डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून सांगितलं. मेंदूतून साधारण तासा-दीड तासाने एक निरोप निघतो, जीएनआरएच नावाचा. तो पिट्युटरी ग्रंथीला मिळाला की ती एफएसएच (अंडी वाढवणारं) आणि एलएच (अंडं ओव्हरीतून सोडवणारं) ही हॉर्मोन सोडते आणि मग ओव्हरी कामाला लागते. ल्युप्रोलाइड हे त्या निरोपाचंच नकली रूप, पण असलीपेक्षा चिवट. ते थांबून थांबून येत नाही, दारात बसूनच राहतं. पहिले काही दिवस पिट्युटरी गडबडून जास्तच हॉर्मोन सोडते. मग तिचे कान बधिर होतात. दोनेक आठवड्यांत ती पूर्ण गप्प. म्हणजे सुरुवातीला उलटाच परिणाम होतो, आणि म्हणूनच पाळीच्या एकविसाव्या दिवसापासून, आधी प्रेग्नन्सी टेस्ट करून, सुरू करायचं. पिट्युटरी गप्प का करायची? तर अंडी तयार होण्याआधीच तिने आपल्या मनाने एलएच सोडून ती ओव्हरीतून बाहेर काढू नयेत म्हणून.

हे सगळं मला पटलं. घरी आल्यावर नवऱ्याने खोक्यातली घडीची चिठ्ठी उलगडली आणि पाच मिनिटांत त्याचा चेहरा उतरला. "अगं, हे प्रोस्टेटच्या कॅन्सरचं औषध आहे. पुरुषांचं." मीही हादरले. रात्री साडेदहाला क्लिनिकला फोन लावायची हिंमत झाली नाही, मग आम्ही वाचत बसलो. खरंच, १९८५ साली अमेरिकेत या औषधाला पहिली परवानगी मिळाली ती प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठीच. पुरुषाची पिट्युटरी गप्प केली की टेस्टोस्टेरॉन खाली येतं, आणि तो कॅन्सर टेस्टोस्टेरॉनवर पोसला जातो. बाईची गप्प केली की इस्ट्रोजेन खाली येतं. दार तेच, मागची खोली वेगळी. मेंदूतला मूळ निरोप शोधणाऱ्या गियमाँ आणि शाली या दोघांना १९७७ मध्ये नोबेल मिळालं होतं, हेही त्या रात्री कळलं. नवऱ्याला नोबेलने धीर आला. मला नाही, मला सुईची भीती होती.

सुई मलाच टोचायची होती. नवरा अंबडच्या कंपनीत, महिन्यातले निम्मे दिवस सेकंड शिफ्ट, घरी यायला बारा वाजतात. इंजेक्शनची वेळ रोज एकच हवी. सकाळी माझी पळापळ असते, म्हणून रात्री नऊ ठरले. सिस्टरने क्लिनिकमध्ये एकदा करून दाखवलं, दुसऱ्यांदा माझ्याकडून करून घेतलं, आणि म्हणाली, "ताई, हात थरथरला तरी चालेल, आकडा चुकायला नको." तेव्हा ते मला शिकवून ठेवलेलं वाक्य वाटलं.

पहिल्या रात्री घरी मी बेडरूमचं दार लावून बसले. सासूबाईंना एवढंच सांगितलं होतं की हॉर्मोनची इंजेक्शनं आहेत, आणि तीही क्लिनिकमध्ये घेणार असं त्यांनी समजून घेतलं होतं. मी ते समजू दिलं होतं. हात साबणाने धुतले, पुसले. बाटलीच्या रबरी बुचावर स्पिरिटचा बोळा फिरवला. सिरिंजमध्ये आधी अर्धा मिली हवा ओढून ती बाटलीत सोडली, कारण हवा न सोडता औषध ओढलं तर बाटली ते आत खेचून धरते. बाटली उलटी केली, अर्धा मिली ओढलं. बुडबुडा आला. टिचकी मारली, तो वर गेला, ढकलला, पुन्हा ओढलं. इथपर्यंत वीस मिनिटं गेली. मग बेंबीपासून तीन बोटं बाजूला पोटाची चिमूट धरली, त्यावर स्पिरिट लावलं आणि सुई हवेत धरून बसले. सुई केसाएवढी. तरी हात पुढे जाईना.

बाहेरून आवाज आला. "स्पिरिट सुकू दे आधी. ओल्यावर टोचलंस तर झोंबतं."

वासावरून त्यांना कळलं होतं. चौदा वर्षं दिवसातून दोनदा हाच वास. दार उघडलं. त्या आत आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि काही विचारलं नाही. "मी आधी वांग्यावर शिकले होते," म्हणाल्या. "भरताच्या. आठ दिवस घरात भोकं पडलेली वांगी. घाल आता सरळ. हळूहळू घालशील तर जास्त दुखेल." मी घातली. दुखलं नाही म्हणजे खरंच नाही. दट्ट्या सावकाश ढकलला, पाचपर्यंत मोजलं, सुई काढली. "चोळू नकोस," म्हणाल्या. मी त्या गडबडीत कापूस टाकून सिरिंजला टोपी घालायला गेले, तेव्हा त्यांनी माझं मनगटच धरलं. "टोपी परत घालताना बोट फुटतं. ही तशीच बाटलीत."

बाटली म्हणजे फरशी पुसायच्या फिनाइलची रिकामी, जाड प्लास्टिकची, झाकण फिरकीचं. त्यांची स्वतःची बाथरूमच्या माळ्यावर असते, मला कधी दिसली नव्हती.

त्या रात्री त्यांना सगळं सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "हे ते मुंबईला केईएममध्ये पहिलं टेस्ट ट्यूब बाळ झालेलं ना? शहाऐंशी साली. डॉक्टर हिंदुजांनी केलेलं. तेव्हा तुझा नवरा माझ्या पोटात होता, मी पेपरातला फोटो कापून ठेवला होता." कुठे ठेवला ते मात्र आठवेना.

औषधाची बाटली फ्रिजमध्ये कुठे ठेवायची हा प्रश्न फालतू वाटतो, पण माझ्या खोक्यावर २ ते ८ अंश आणि गोठवू नका असं लिहिलेलं होतं. आमचा फ्रिज एकदारी जुना. वरच्या फळीवर मागे ठेवलेलं दूध चिलरच्या गारव्याने कडेला बर्फ धरतं, आणि दारातल्या कप्प्याला दिवसभर बाहेरची हवा लागते. म्हणून मधली फळी, पुढची बाजू. सगळ्याच कंपन्यांचं औषध फ्रिजचंच असतं असं नाही, काहींना पंचवीस अंशांखाली बाहेर चालतं, तेव्हा आपल्या खोक्यावरचं वाचायचं. झाकणावर मी पहिल्यांदा टोचल्याची तारीख लिहिली. औषध पाण्यासारखं स्वच्छ असतं. गढूळ दिसलं किंवा कण दिसले तर वापरायचं नाही, हे सिस्टरने दोनदा सांगितलं होतं, म्हणून रोज ट्यूबलाइटसमोर धरून बघायची सवय लागली. टोचायच्या दहा मिनिटं आधी मी सिरिंजमधलं नाही, बाटलीच बाहेर काढून ठेवायची. गार औषध आत जाताना चुरचुरतं.

चौथ्या दिवशी न्यू जर्सीच्या मावसबहिणीशी बोलणं झालं. तिचं तीन वर्षांपूर्वी हेच झालेलं. तिने विचारलं, किती युनिट घेतेस? म्हटलं पन्नास. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "पन्नास? मी दहा घेत होते!"

त्या रात्री नऊ वाजता मी बाटली हातात घेऊन बसून राहिले. पाचपट. शेवटी डोकं ठिकाणावर आणून दोन्ही बाटल्यांवरचं छापलेलं वाचलं. तिने फोटो पाठवला होता. माझ्या बाटलीत ४ मिलीमध्ये ४ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला एक मिलिग्रॅम. तिच्यात २.८ मिलीमध्ये १४ मिलिग्रॅम, म्हणजे मिलीला पाच. दोघींचा डोस अर्धा मिलिग्रॅमच. तिला त्यासाठी ०.१ मिली लागायचं, इन्सुलिनच्या सिरिंजवर दहाची रेघ. मला ०.५ मिली, पन्नासची रेघ. औषध तेवढंच, पाणी माझ्यात जास्त.

इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं की ल्युप्रोलाइडचं 'युनिट' असं काही नसतंच. इन्सुलिनचं युनिट हे इन्सुलिनच्या ताकदीचं माप आहे. पुढे मला एफएसएचचं पेन मिळालं, त्यावर २२५ युनिट फिरवायचे होते, ते त्या औषधाच्या ताकदीचं माप. पण ल्युप्रोलाइड मिलिग्रॅममध्ये मोजतात. आपण केवळ बारीक सुई हवी म्हणून इन्सुलिनची सिरिंज उसनी घेतो, आणि तिच्यावरच्या रेघेला तोंडाने युनिट म्हणतो. ती नुसती रेघ. मी वहीत त्या दिवसापासून युनिट लिहिणं बंद केलं आणि मिली लिहायला लागले. लिहायला लागले, बोलायची सवय मात्र गेली नाही. फाइलवर, फोनवर, घरात, सगळीकडे युनिटच.

पहिला आठवडा काही जाणवलं नाही. नवव्या दिवशी पाळी आली. मग सुरू झालं. ऑफिसात एसी चालू असताना छातीतून एक लाट उठायची आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत जायची, दोन मिनिटांत ओढणी ओली. रात्री पंखा पाचवर, खिडकी उघडी, नवरा चादरीत गुरफटलेला. सासूबाई सकाळी माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "मला पन्नाशीत झालं तेच." इस्ट्रोजेन खाली आणलं म्हणजे थोड्या दिवसांची रजोनिवृत्तीच. डोकं दुखायचं, त्यावर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल. एकदा मुंबई नाक्याच्या सिग्नलला स्कूटीवर बसल्या बसल्या रडू आलं. कारण काय? पुढच्या टेम्पोत द्राक्षांची क्रेट होती आणि ताडपत्री नीट बांधलेली नव्हती, बस एवढंच.

मधेच सिन्नरला चुलत दिराची हळद. तीस किलोमीटर, पण रात्रीचे नऊ तिथेच वाजणार. बाटली थर्मासमध्ये न्यायची ठरवली. जेलचा बर्फाचा पॅक टॉवेलात गुंडाळून खाली, वर बाटली, कारण पॅक नुसता टेकला तर औषध गोठू शकतं. मंगल कार्यालयात वरपक्षाच्या खोलीला कडी होती, पण कडी लावली की दोन मिनिटांत कोणीतरी दार वाजवायचं. कोणाला साडीची पिन हवी, कोणाला मूल झोपवायचं. एक मावशी तर आत येऊन माझ्याशेजारी बसल्याच आणि आमच्या लग्नाला किती वर्षं झाली ते मोजायला लागल्या. साडेदहा झाले. शेवटी सासूबाई दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या. येईल त्याला सांगत होत्या, "आत माझं इन्सुलिन चाललंय." दीड तास उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली एवढ्याने बिघडत नाही, पण रोजची सवय करू नका. आणि कधी पूर्ण दिवस चुकलाच तर मनाने दुप्पट घ्यायचं नाही, आधी फोन.

चौदाव्या दिवशी सोनोग्राफी आणि रक्त. गर्भाशयाचं अस्तर पातळ, ओव्हरी शांत, रक्तातलं इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनच ते) पन्नासच्या खाली. पिट्युटरी गप्प झाली होती. आता एफएसएचचं पेन सुरू, आणि ल्युप्रोलाइड निम्म्यावर. ते बंद करायचं नाही, पण अर्धंच पुरतं. म्हणजे ०.२५ मिली. फाइलवर पेनाने लिहून दिलं: २५ युनिट.

माझी सिरिंज केशरी टोपीची, एक मिलीची, शंभर रेघांची म्हणायची पण तिच्यावर प्रत्येक रेघ दोनची. पन्नासला स्वतंत्र रेघ होती. पंचवीसला नव्हती. चोवीस आणि सव्वीसच्या मधोमध काळ्या रबराची कड आणायची, तेही चष्मा लावून, ट्यूबखाली. चार रात्री ते जमवलं. एक एक युनिटच्या रेघांची अर्ध्या मिलीची सिरिंज मिळते हे मला नंतर कळलं. तेव्हा विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

मी दहा-दहाची दोन पाकिटं आणली होती. चौदा अधिक चार अठरा. पहिल्या रात्री एक वाया गेली होती, एक सिन्नरला खाली पडून सुई वाकली. वीस. पाचव्या रात्री पाकिटात हात घातला तर रिकामं. ताळेबंद घालणाऱ्या बाईची ही अवस्था. नवरा शिफ्टला. सासूबाई समोरच्या बिल्डिंगमध्ये हरिपाठाला. नऊला पाच कमी. खाली उतरून मेडिकलला जाता आलं असतं, उघडं होतं. पण पोट फुगलेलं, पाय जड, आणि कपाटात आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, सिरिंजा होत्याच की. सिरिंज ती सिरिंज. टोपी लाल होती, त्याकडे मी रंग म्हणून बघितलं, म्हणजे आवडनिवड असते तसं.

आणि खरं सांगते, ती सिरिंज हातात घेऊन मला उलट बरं वाटलं. कारण तिच्यावर पंचवीसला स्वतःची रेघ होती. अगदी ठसठशीत. म्हटलं, ही छान आहे, आधीच का नाही वापरली. पंचवीसपर्यंत ओढलं, टोचलं, वहीत टिक केली, पेन घेतलं, झोपले.

दुसऱ्या दिवशी रात्री आठला सासूबाई जेवणाआधीचं इन्सुलिन घ्यायला बसल्या. त्या सिरिंजा मोजून ठेवतात. "माझी एक कमी कशी?" मी आतून ओरडून सांगितलं, काल माझ्या संपल्या होत्या. थोडा वेळ काही ऐकू आलं नाही. मग त्या स्वयंपाकघरात आल्या, एका हातात लाल टोपीची, दुसऱ्या हातात मी संध्याकाळी आणलेली केशरी टोपीची.

"अगं, माझी चाळीसची आहे. तुझी शंभरची."

त्यांना ते कसं माहीत, तर सहा वर्षांपूर्वी त्यांना मेडिकलवाल्याने चुकून केशरी दिल्या होत्या. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली मिलीला चाळीस युनिटची मिळते, आणि तिच्यासाठी लाल टोपीची सिरिंज, जिच्यावर एक मिलीचे चाळीस भाग केलेले असतात. पेन आणि कार्ट्रिजचं इन्सुलिन मिलीला शंभर युनिटचं, त्या मापाची सिरिंज केशरी टोपीची, तिच्यावर त्याच एक मिलीचे शंभर भाग. आईंनी केशरीवर वीसच्या रेघेपर्यंत घेतलं होतं, म्हणजे ०.२ मिली, म्हणजे त्यांच्या बाटलीतलं फक्त आठ युनिट. आठवडाभर साखर साडेतीनशेच्या खाली येईना. सगळे त्यांनाच बोलत होते, चोरून आंबे खाताय म्हणून. मीही बोलले होते.

माझं उलटं झालं होतं. लाल सिरिंजवर पंचवीस म्हणजे चाळीसातले पंचवीस, ०.६२५ मिली. हवं होतं ०.२५. अडीचपट. मी कॅल्क्युलेटर काढला, पुन्हा पुन्हा केलं, उत्तर बदलेना. आणखी एक चुटपुट लागली. पहिल्या चौदा दिवसांत, डोस पन्नासचा असताना, मी लाल सिरिंज घेतली असती तर चूक होऊच शकली नसती, कारण ती चाळीसलाच संपते. पन्नासची रेघच नाही. आणि जुनी बाटली असती तरी तळ दिसून शंका आली असती. पण त्याच रात्री नवी बाटली फोडली होती. नेमकी पंचवीसला, नेमकी भरलेल्या बाटलीवर, सगळं बिनबोभाट बसलं.

क्लिनिकचा रात्रीचा नंबर लावला. काय झालं ते सांगायला सुरुवात केली तर सिस्टरने मधेच विचारलं, "टोपी कोणत्या रंगाची होती?" म्हणजे मी पहिली नव्हते. मी लाल म्हटलं. तिने विचारलं, एकदाच की रोज? एकदाच. बाटलीवरचं वाचून दाखवायला लावलं. मग डॉक्टरांशी बोलून दहा मिनिटांनी परत फोन केला. एका रात्रीच्या जास्त डोसने घाबरायचं कारण नाही. काल जास्त गेलं म्हणून आज चुकवायचं नाही, कमीही करायचं नाही. आज नऊला नेहमीप्रमाणे, पाव मिली, केशरी सिरिंजने. फाइलमध्ये लिहून घेते. परवाची सोनोग्राफी आहेच, तेव्हा वाढ बघू. अंगावर पुरळ, चेहरा किंवा ओठ सुजणं, श्वास लागणं असं काही झालं तर मात्र घरी थांबायचं नाही, सरळ हॉस्पिटल. पोट एकदम फुगलं, वजन एका दिवसात किलोभर वाढलं, लघवी कमी झाली तर तेही लगेच सांगायचं; ते ल्युप्रोलाइडचं नाही, अंडी वाढवणाऱ्या इंजेक्शनांचं, पण आता दोन्ही चालू आहेत.

नऊ वाजता सासूबाई माझ्याशेजारी बसल्या. मी ओढलं, त्यांना दाखवलं. त्यांना चोवीस-सव्वीसच्या मधलं काही दिसेना, मोतीबिंदू आहे. "मला काय दाखवतेस, तूच मोठ्याने वाच," म्हणाल्या. मी मोठ्याने वाचलं: पाव मिली, केशरी. ते मग रोजचंच झालं. वाचताना ऐकायला कोणी असलं की डोळा घाई करत नाही.

सोनोग्राफीत काही बिघडलेलं दिसलं नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले की मिली लिहायला हवं होतं, आणि फाइलवरचं २५ युनिट खोडून समोर ०.२५ मिली लिहिलं. मला त्याचं बरं वाटलं. चूक माझीच होती, पण तो कागदही तिच्यात थोडा सामील होता.

पेन सुरू केल्याच्या दहाव्या दिवशी ट्रिगर, म्हणजे अंडी पिकवण्याचा शेवटचा टप्पा. त्या दिवसापासून ल्युप्रोलाइड बंद, रात्री साडेअकराला एचसीजीचं इंजेक्शन, मिनिटाला मिनिट धरून, कारण पस्तीस-छत्तीस तासांनी अंडी काढायची असतात. त्याचं वेगळं सांगण्यासारखं काही नाही, भूल दिली होती. नऊ अंडी मिळाली, तीन गर्भ गोठवून ठेवलेत.

फिनाइलची बाटली मी घंटागाडीत टाकली नाही. वापरलेल्या सुया घरातल्या घातक कचऱ्यात मोडतात, आणि आमच्याकडे गाडीवरचा पोरगा हातमोज्यांशिवाय पिशव्या उचकतो. टेप लावून क्लिनिकला नेऊन दिली. सिस्टरने ती हलवून बघितली, आत खुळखुळ वाजलं, आणि कोपऱ्यातल्या सुयांच्या पांढऱ्या डब्यात टाकली. आईंची माळ्यावरची बाटलीही त्याच दिवशी गेली. किती वर्षांची होती देव जाणे.

आता मे आहे. गोठवलेला गर्भ गर्भाशयात सोडण्याआधी पुन्हा तेच औषध, पुन्हा पिट्युटरी गप्प करायची, या वेळी चाळीस अंशांच्या उन्हात. काल संध्याकाळी मेडिकलला गेले, बर्फाची पिशवी घेऊनच. बाटली घेतली, खोक्यावरचा आकडा वाचला, ४ मिलीत ४. मग सिरिंजा मागितल्या. गल्ल्यावरच्या मुलाने मागे न बघता हात घातला आणि काउंटरवर पाकीट टाकलं. लाल टोपी.

"दादा, केशरी द्या. अर्ध्या मिलीची, एकेक युनिटच्या रेघांची."

"एकच असतं ताई, सुई सेम आहे."

मागे सासूबाई उभ्या होत्या, काठी टेकत पुढे आल्या. त्याला म्हणाल्या, "सुई सेम आहे रे बाळा. रेघ सेम नाही." मग काउंटरवरच त्याला दोन्ही सिरिंजा शेजारी शेजारी ठेवायला लावल्या. मागे चार गिऱ्हाइकं खोळंबली होती.